गच्चीवर बसून रापायचं असेल तर

एका वाचकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, राहणं कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. वर्ण गोरा, डोळे घारे. एसीत बसून बसून 'पिठाच्या डब्यात पडल्यासारखा' झालोय, हे त्यांचेच शब्द. परदेशातले सहकारी सुट्टीवरून छान तांबूस होऊन येतात, तसा रंग हवा आहे, आणि तो बाटलीतला नको, उन्हातला अस्सल हवा. फेब्रुवारीपासून रोज दुपारी बारा ते एक खोबरेल लावून गच्चीवर पडलो तर किती दिवसांत फरक दिसेल? उन्हात गेलं की आधी लाल होतात, मग जरा रंग चढतो, नाकाची साल निघते. पाठीवर तीळ बरेच आहेत. शिवाय ड जीवनसत्त्वही मिळेल, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

सदाशिव पेठेत त्वचारोगाचा दवाखाना चालवून मला २६ वर्षं झाली. एवढ्या काळात 'डॉक्टर, टॅन घालवायचाय' हे रोज किमान दोनदा ऐकलं असेल. टॅन आणायचाय म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले बहुतेक शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणारे. ज्या शहरात मुली स्कूटरवर बसताना डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये बांधतात, तिथे तुमचा प्रश्न वाचून मला आधी हसू आलं आणि मग बरंही वाटलं. गोरेपणाच्या वेडातून एक तरी माणूस सुटला म्हणायचा. पण एका वेडातून सुटून दुसऱ्यात पडू नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि तिन्ही अचूक आहेत. भाजणं, काळवंडणं आणि रापणं. भाजणं म्हणजे लाल होणं, चटका बसणं. काळवंडणं म्हणजे दुपारभर उन्हात फिरून आलेला तो राखाडी, मळकट रंग, जो बराचसा दोन दिवसांत उतरतो. आणि रापणं म्हणजे शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, वारकऱ्याच्या चेहऱ्यावर मुरलेला रंग. तुम्हाला हवं आहे रापणं. गच्चीवर बारा ते एक बसून तुम्हाला मिळेल भाजणं.

हे तीन प्रकार कातडीत वेगवेगळे घडतात. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात, यूव्ही-ए आणि यूव्ही-बी. यूव्ही-ए खोल जातात. कातडीत आधीच असलेलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, त्यांच्यामुळे काही मिनिटांत गडद होतं आणि इकडचं तिकडे पसरतं. नवीन काही तयार होत नाही. म्हणून हा रंग काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत फिका पडतो. टेकडीवरून उतरल्यावर आरशात 'वा, आलाय रंग' असं वाटतं आणि रविवारी सकाळी तो गेलेला असतो, तो हाच.

खरं रापणं मुख्यतः यूव्ही-बीमुळे होतं आणि ते उशिरा येतं. हे किरण वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. जखमी पेशी शेजारच्या रंगपेशीला निरोप धाडते, रंगपेशी मेलॅनिन बनवायला घेते आणि त्याचे बारीक कण आजूबाजूच्या पेशींना वाटते. एक रंगपेशी साधारण ३५-३६ पेशींना रंग पुरवते. त्या पेशी हे कण केंद्रकाच्या वरच्या अंगाला नेऊन रचतात, अगदी छत्री धरावी तसे. सूक्ष्मदर्शकाखाली हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिकत होते, आणि आजही पाहिलं की थांबून बघते. छत्री बरोबर सूर्याच्या बाजूला असते. हे सगळं व्हायला ४८ ते ७२ तास लागतात.

म्हणजे क्रम काय झाला? आधी इजा, मग निरोप, मग रंग. इजा झाल्याशिवाय निरोप जात नाही. उन्हातला 'निरोगी' रंग असं जे म्हणतात त्यात निरोगी काही नाही. ती मार खाल्ल्यानंतर उभारलेली ढाल आहे. आणि ढाल तरी किती जाड? रापलेल्या गोऱ्या कातडीचं संरक्षण एसपीएफ ३ किंवा ४ च्या सनस्क्रीनएवढं. दुकानात त्या आकड्याची ट्यूब कोणी विकत घेणार नाही.

हे वाचूनही तुम्हाला रापायचंच असेल, तर पुढचं लक्ष देऊन वाचा, कारण सगळी मेख मात्रेत आहे.

आमच्याकडे कोड आणि सोरायसिसच्या रुग्णांसाठी फोटोथेरपी असते. माणूस नळ्यांच्या कपाटात उभा राहतो आणि ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे यूव्ही-बी किरण मोजून अंगावर घेतो. पहिल्या दिवशी मात्रा इतकी कमी की रुग्ण विचारतो, 'झालं? एवढंच?' रोज देत नाही. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. प्रत्येक वेळी आधी कातडी बघायची. गुलाबी दिसली तर मात्रा वाढवायची नाही. गुलाबीपणा २४ तासांहून जास्त टिकला, तर त्या दिवशी सुट्टी. सगळं ठीक असेल तर दहा ते वीस टक्के वाढ. आजारासाठी, यंत्रावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली आम्ही एवढं जपून चालतो. आणि तुम्ही न मोजता, रोज, एकदम एक तास घ्यायला निघाला आहात.

त्यातही वेळ नेमकी सगळ्यात वाईट निवडलीत. पुण्यात सूर्य माथ्यावर बारा वाजता येत नाही. आपली घड्याळं ज्या रेखावृत्तावर लावलेली आहेत, त्याच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह साडेबारा ते पाऊणच्या सुमारास होते. तुमचा बारा ते एक हा तास बरोबर त्या शिखरावर बसतो. मे महिन्याच्या मध्यावर तर सूर्य पुण्याच्या डोक्यावर अगदी काटकोनात येतो. शून्य सावलीचा तो दिवस, शाळेतली मुलं मैदानात बाटल्या उभ्या करून सावली शोधतात ना, तोच. एप्रिल-मेमध्ये इथला यूव्ही निर्देशांक दुपारी सहज ११ च्या वर जातो. जागतिक मोजपट्टीत ११ पासून 'टोकाचा' असं लिहितात.

इथे एक गफलत सगळेच करतात. ऊन किती कडक आहे ते अंगाला लागणाऱ्या उष्णतेवरून ठरवतात. उष्णता आणि अतिनील किरण ही दोन वेगळी पात्रं आहेत. पुण्यात सगळ्यात जास्त उकाडा तीन-साडेतीनला असतो, तोवर यूव्ही उतरायला लागलेलं असतं. एक ते चार दुकान बंद ठेवायची आपली पुणेरी पद्धत उकाड्याच्या हिशेबाने ठीक आहे. किरणांच्या हिशेबाने ती अकरा ते तीन असायला हवी होती. उलट डिसेंबरात गार वारा असतो, कोणाला काही वाटत नाही, आणि किरण येतच असतात.

याचा धडा मला राजगडावर मिळाला. डिसेंबर महिना, पाली दरवाज्याने वर गेलो, दिवसभर स्वेटर काढवत नव्हता इतका वारा. पायात पट्ट्यांच्या सँडल. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुताना पाणी लागलं तशी ओरडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाच्या वरच्या भागावर पट्ट्यांची नक्षी सोडून सगळं टोमॅटोसारखं लाल. तेव्हा मी त्वचारोगाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आठवडाभर वॉर्डात स्लीपर घालून फिरत होते. सरांनी पायाकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. उंचीचाही त्यात थोडा वाटा असतो. दर हजार मीटरला यूव्ही साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. पुणं ५६० मीटरवर आणि सिंहगड सुमारे १३०० मीटरवर, म्हणजे गडावर गारवा जास्त आणि किरणही थोडे जास्तच.

घड्याळापेक्षा सावली बघायची सवय लावा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण सौम्य, उंचीएवढी झाली की जपायचं, आखूड झाली की आत यायचं. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारीसुद्धा सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते. लंडन-बर्लिनच्या हिवाळ्यात ती माणसाच्या तिप्पट-चौपट लांब असते. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांच्या सुट्टीचा हिशेब तुम्ही इथे लावू नका. ते सगळा हिवाळा जवळजवळ यूव्हीशिवाय काढून मग समुद्रावर जातात. आपल्याला ते बारा महिने आहे.

आता तुमच्या कातडीबद्दल. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये उन्हाला कातडी कशी प्रतिसाद देते त्यावरून वर्गवारी केली. ती पुढे वाढवून एक ते सहा प्रकारांची झाली. आपल्याकडे बहुसंख्य लोक चार आणि पाचमध्ये बसतात. ते लवकर रापतात, क्वचित भाजतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही दोन आणि तीनच्या सीमेवर आहात. आधी लाल, मग थोडा रंग, मग साल. म्हणजे तुमच्या रंगपेशी संख्येने इतरांएवढ्याच आहेत, पण कामाला मंद आहेत. त्यांना जास्त ऊन दिलं म्हणून त्या जास्त काम करत नाहीत, तुम्ही फक्त भाजता. आणि साल निघते तेव्हा जो काही रंग चढला असेल तो सालीबरोबर उतरतो. एवढं बसून हाती काय, तर पुन्हा गुलाबी.

किती रंग येऊ शकेल हे आधीच बघता येतं. दवाखान्यात मी रुग्णाला सांगते, शर्टाची बाही वर करा आणि हात उलटा करून पालथा करा. दंडाची आतली, काखेजवळची बाजू हा तुमचा जन्माचा रंग. कोपराच्या खाली मनगटाच्या वरची बाजू हा तुमचा आजवरचा कमावलेला रंग. घड्याळाचा पट्टा काढलात तर मध्ये सीमारेषाही दिसेल. या दोघांत जेवढं अंतर आहे त्याहून थोडंसंच पुढे तुम्ही जाऊ शकता. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा आमच्या तपासणी शिबिरात वारकरी टोपी काढून बसतात. कपाळावर एक सरळ रेघ, वर गव्हाळ, खाली तांब्याच्या हंड्यासारखा रंग. तो रंग वीस-तीस वर्षांच्या शेतीचा आहे. तो फेब्रुवारी ते मेमध्ये मिळत नाही. मानेच्या मागे बघाल तर त्याच माणसाची कातडी चौकटी-चौकटीच्या भेगांनी भरलेली दिसेल. रंगाबरोबर तेही येतं.

हिंजवडीला स्वतः गाडी चालवत जात असाल तर तुमचे दोन हात शेजारी धरून बघा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो; उजवा हात थोडा गडद असायची शक्यता बरीच. खिडकीची साधी काच यूव्ही-बी अडवते, यूव्ही-ए आरपार येऊ देते. ट्रॅफिकमध्ये अडकून तुम्ही अनेक वर्षं अर्धेमुर्धे रापतच आहात.

खोबरेलाचं काय? ते कृपा करून नको. तेलामुळे कातडीवरून परत फिरणारा उजेड कमी होतो आणि किरण जास्त आत शिरतात. सोरायसिसच्या जाड खवल्यांवर आम्ही फोटोथेरपीआधी मुद्दाम तेलाचा पातळ हात फिरवायला सांगतो, तो याचसाठी. तुमच्या गच्चीवर त्याचा अर्थ एवढाच की मात्रा न सांगता वाढली. मोहरीचं तेल, तूप, बेबी ऑइल, सगळ्यांचं तेच.

आणि कोणी 'बावचीचं तेल लाव, झटक्यात रंग येतो' असं सांगितलं तर त्या माणसापासून दूर राहा. बावची कोडासाठी आयुर्वेदात फार जुन्या काळापासून वापरतात आणि तिच्यात दम आहे. तिच्यातलं सोरालेन यूव्ही-ए मिळालं की कातडीत प्रचंड प्रतिक्रिया घडवतं. औषध म्हणून आम्हीही सोरालेन देतो, पण मिनिटं मोजून. स्पर्धेसाठी रंग हवा म्हणून एक मुलगा ते छातीला आणि खांद्यांना चोळून व्यायामशाळेच्या गच्चीत अर्धा तास बसला होता. दोन दिवसांनी माझ्याकडे आला तेव्हा खांद्यावर लिंबाएवढे फोड. स्पर्धा गेली, आणि डाग जायला वर्ष लागलं.

लिंबावरून आठवलं. टॅन घालवायला लिंबू चोळणारे आणि आणायला चोळणारे, दोघेही मी बघितले आहेत. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेनचीच भावंडं असतात. एका मे महिन्यात एक आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या बरगडीवर दोन्ही बाजूंना चार-चार तपकिरी पट्टे, बोटांसारखे. शेजारणीने 'पोराला मारलं का गं?' विचारलं म्हणून ती रडकुंडीला आली होती. विचारत विचारत गेल्यावर उलगडलं. आठवड्यापूर्वी घरच्या कार्यक्रमासाठी तिने अंगणात बसून पन्नासेक लिंबं पिळली होती आणि मध्येच उघड्या अंगाने खेळणाऱ्या मुलाला उचलून कडेवर घेतलं होतं. पट्ट्यांवर तिने स्वतःची बोटं ठेवून बघितली. तंतोतंत बसली. दोन-तीन महिन्यांत ते आपोआप फिके झाले.

सध्या काही औषधं चालू असतील तर तीही आधी तपासा. मुरमांसाठी किंवा हिवतापाच्या प्रतिबंधासाठी घेतली जाणारी डॉक्सिसायक्लिन, मुरमांचीच आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबाच्या गोळ्यांतली थायझाइड गटातली औषधं. यातलं काही घेत असाल तर हा बेत सरळ रद्द करा.

ड जीवनसत्त्वाचा दुसरा पक्षी या दगडाने पडत नाही. ते यूव्ही-बीनेच बनतं हे खरं. पण ठरावीक वेळेनंतर कातडी ते बनवणं थांबवते आणि आधी तयार झालेला कच्चा माल निरुपयोगी संयुगांत बदलायला लागते. म्हणजे तासभर बसलं म्हणून तिप्पट ड मिळत नाही. ही मर्यादा तुमच्यासारख्या गोऱ्या माणसात लाल होण्याच्याही आधी येते, रंग चढण्याची तर बातच सोडा. दुसरीकडे, 'सकाळचं कोवळं ऊन खा म्हणजे ड मिळतं' हा सल्लाही अर्धाच खरा आहे. साडेसातच्या कोवळ्या उन्हात यूव्ही-बी नाममात्र असतं. ते ऊन मनाला चांगलं, झोपेला चांगलं, ड साठी फारसं नाही. रक्ताच्या तपासणीत ड खरोखर कमी आलं असेल तर गोळी घ्या. उन्हाने भरपाई करत बसू नका.

तर मग करायचं कसं? मी तुमच्या जागी असते तर केलं नसतं. पण तुम्ही करणारच असाल तर यंत्राच्या खोलीतला नियम गच्चीवर लावा. सावली तुमच्या उंचीच्या साधारण दीडपट असेल ती वेळ निवडा. फेब्रुवारीत ती दहाच्या आधी कधीतरी येते, एप्रिलमध्ये त्याहून लवकर. पहिल्या दिवशी पोटाच्या बाजूने दहा मिनिटं, पाठीच्या बाजूने दहा. बस. गजर लावा, कारण उन्हात डोळा लागतो, आणि माझ्याकडे भाजून येणाऱ्यांपैकी निम्मे तरी झोपलेले असतात. दुसऱ्या दिवशी ऊन नाही, फक्त पाहणी. छातीवर अंगठा दाबून सोडा. पांढरा ठसा उमटून परत गुलाबी भरला, तर दहा मिनिटंसुद्धा तुम्हाला जास्त झाली. पुढच्या वेळी सात. काही नसेल तर तिसऱ्या दिवशी बारा, मग चौदा. अर्ध्या तासाच्या पुढे कधीच नाही. मध्ये आठवडाभर खंड पडला तर पुन्हा दहापासून. घाई झालीच तर लक्षात ठेवा, लाली तेव्हाच दिसत नाही. ती चार-सहा तासांनी सुरू होते आणि शिखराला दुसऱ्या दिवशी पोचते. गच्चीवर 'अजून काही झालं नाही' म्हणून थांबणं म्हणजे तापलेल्या कुकरवर शिट्टी झाली नाही म्हणून हात ठेवणं.

असं तीन-चार आठवडे केलंत तर जो रंग चढायचा तो चढेल. नाही चढला तर तुमच्याकडे तो नाही. वेळ वाढवून येणार नाही. आणि ऊन बंद केलं की साधारण महिनाभरात तो उतरेल, कारण वरचा थर तेवढ्या काळात बदलतो.

चेहरा या सगळ्यातून वगळा. टोपी घाला आणि सनस्क्रीन लावा, एसपीएफ ३० किंवा ५०, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीन चालत नाही म्हणतात. चेहरा का वगळायचा? कारण भारतीय चेहऱ्यावर ऊन एकसारखं रापवत नाही, वांग आणतं. गालावर, कपाळावर, ओठावर नकाशासारखे तपकिरी पट्टे. बायकांत जास्त, पण पुरुषांतही कमी नाही. छातीवरचा टॅन महिन्यात जातो. वांग घालवायला माझे रुग्ण वर्षानुवर्षं येतात, आणि एका उन्हाळ्यात ते परत येतं. डोळ्यांना गॉगल हवाच, घाऱ्या डोळ्यांना तर जास्तच.

मार्च-एप्रिलमध्ये मानेवर, हातांवर खाजरे बारीक दाणे उठले, साबुदाणा पसरल्यासारखे, तर ती उन्हाची ॲलर्जी. लगेच थांबा.

पोहायला जात असाल तर एक गोष्ट. मे महिन्यात टँकवरून आलेली मुलं दोन आठवड्यांत कशी होतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात गार वाटतं, पण पाणी किरण अडवत नाही. अर्धा मीटर खोलीवरसुद्धा वरच्या यूव्हीचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग पोचतो. तेव्हा टँकचा वेळही हिशेबात धरा, गच्चीचा वेगळा आणि टँकचा वेगळा असं नाही.

बाटलीतला रंग नको म्हणालात, तरी सांगते, कारण माझ्या मते तोच बरा. त्यात डायहायड्रॉक्सिॲसिटोन नावाची साखर असते. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी संयोग पावून तपकिरी होते. तव्यावर पोळीला डाग पडतात, कांदा परतताना बदामी होतो, त्याच घराण्यातली ही क्रिया, फक्त आचेशिवाय. काही तासांत रंग येतो, आठवड्याभरात जातो. डीएनएला हात लागत नाही. कोपरांवर आणि घोट्यांवर जास्त चढतो, तिथे कमी लावायचं. टॅनिंगच्या दिव्यांखाली मात्र झोपू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्यांना तंबाखूच्या पंक्तीत, म्हणजे नक्की कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत बसवलं. सूर्यकिरण त्या यादीत १९९२ पासून आहेतच.

आपल्याकडे त्वचेचा कर्करोग युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानाने बराच कमी आढळतो, म्हणून त्याची भीती घालून मी कोणाला घाबरवत नाही. पण गोरा वर्ण, घारे डोळे, लाल होणारी कातडी आणि पाठीवर पुष्कळ तीळ हे सगळं एका माणसात असलं की मी त्याला इतरांच्या हिशेबात धरत नाही.

खरं सांगायचं तर रापलेली माणसं रापण्यासाठी आडवी पडलेली नसतात. वेताळ टेकडीवर रोज सकाळी साडेसात ते साडेआठ अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून चाललात, तर मेपर्यंत हातांना आणि मानेला हळूहळू थोडाफार रंग येईल. बनियनच्या आत पांढरे राहाल. ते चालत असेल तर माझं मत टेकडीला.

गच्चीच ठरली, तर सुरुवात करण्याआधी जवळच्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडून पाठीवरचे तीळ एकदा बघून घ्या. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून घरच्या कोणाला तरी प्रकाशात तिचा फोटोही काढून ठेवायला सांगा, शेजारी पट्टी धरून. एखादा तीळ वेडावाकडा असेल, दोन-तीन रंगांचा असेल, अलीकडे वाढलेला असेल किंवा खाजत असेल, तर तो आधी दाखवा. आणि तपासणीला जाल त्या सकाळी पाठीला काही लावू नका, खोबरेलसुद्धा नाही.